जुनी अल्टो: ऑइल खाते आणि वरून टकटक. हाफ इंजिन करायलाच हवं का?

मीटर१३८

नमस्कार मंडळी. गाडी अल्टो एलएक्सआय, २००७, ७९६ सीसी, तीन सिलिंडर बारा वॉल्व्हचं एफ८डी इंजिन. फक्त पेट्रोल, सीएनजी किट नाही. मीटर १,३८,०००. ऑइल २०डब्ल्यू४०, दर ५,००० किमीला बदल.

तक्रारी दोन. पहिली, साधारण १,५०० किमीत एक लिटर ऑइल गायब होतं. गाडीखाली डाग नाही. सकाळी पहिल्या सेल्फला निळसर धूर येतो, दोन मिनिटांत जातो. दुसरी, आयडलिंगला वरच्या बाजूने टकटक. इंजिन तापलं तरी जात नाही, रेस दिली की टकटकीचा वेगही वाढतो. पिकअप ठीक, पीयूसी निघते, ऑइलचा दिवा चालू गाडीत कधी लागलेला नाही.

गॅरेजचं म्हणणं, "हाफ इंजिन करा, रिंग-पिस्टन आणि हेड एकदमच." पासिंग २०२७पर्यंत आहे, त्यामुळे तेवढा खर्च करावा का हा प्रश्न आहे. घरी फीलर गेज, साधे पाने आहेत. कॉम्प्रेशन गेज मागून आणता येईल. कुठून सुरुवात करू?

---

मापटं

आधी "एक लिटर" हा आकडाच तपासा. सर्व्हिसला फिटर बहुतेक वेळा तीन लिटरचा अख्खा कॅन ओततो. या इंजिनात फिल्टरसकट पावणेतीनच्या आसपासच मावतं, त्यामुळे काडीवर (डिपस्टिकवर) पातळी एफच्या, म्हणजे 'फुल'च्या खुणेच्या वर जाते. जास्तीचं ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) ते इनटेकमध्ये ओढलं जातं आणि जळतं. पहिल्या काही दिवसांत काडीवरची पातळी भराभर उतरते आणि मालकाला वाटतं, गाडी ऑइल मारते.

मोजायची रीत अशी. सपाट जागा ठरवा आणि दर वेळी तीच वापरा. इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा, काडी पुसून पुन्हा बुडवून बघा. बरोबर एफवर आणा, मीटर लिहून ठेवा. ५०० ते ६०० किमी झाले की त्याच जागी खुणांच्या मापट्याने ५०-५० मिली घालत पुन्हा एफवर आणा. जेवढे मिली लागले तो खरा खप. ८०० सीसीच्या जुन्या इंजिनाला १,००० किमीला १००-१५० मिली लागलं तर मी बोनेट बंद करून गाडी वापरत राहीन. ३००च्या पुढे गेलं तर कारण शोधायचं.

डाग नाही म्हणजे गळती नाही असंही धरू नका. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून झिरपणारं ऑइल एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डवर पडून तिथेच जळतं, जमिनीवर येतच नाही. सिग्नलला थांबल्यावर एसीच्या झोतातून जळका वास येतो का, ते लक्षात घ्या. थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुऊन कोरडं करा. कव्हरची कड, टायमिंग बेल्टच्या कव्हरचा खालचा भाग, प्रेशर स्विच आणि चेंबरच्या (तळाच्या ऑइल पॅनच्या) जोडावर टाल्कम पावडर भुरभुरवा. वीस किमी फिरवून आणा. ओघळ कुठून सुरू होतो ते पांढऱ्यावर स्पष्ट दिसतं. बेलहाउसिंगच्या खालच्या फटीत ओल असेल तर क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं सील. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, त्यावरून फरक कळतो.

---

फीलरपट्टी

आवाजाबद्दल. "वरून टकटक" म्हणजे टॅपेट (रॉकर आणि वॉल्व्हमधली फट) सैल, हा निष्कर्ष दहातल्या सात वेळा बरोबर ठरतो आणि उरलेल्या तीन वेळा महागात पडतो.

पहिलं काम, ऑइलची पातळी बरोबर करून मगच आवाज ऐका. पातळी एलच्या (किमान खुणेच्या) खाली असताना कुठल्याही आवाजावर मत देऊ नये. दुसरं, अल्टरनेटरचा बेल्ट उतरवून इंजिन जास्तीत जास्त अर्धा मिनिट चालवा. वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे, म्हणून त्याहून जास्त नको. आवाज गेला तर अल्टरनेटर किंवा पंपाचं बेअरिंग. मग क्लच पूर्ण दाबून ऐका. दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं की हुबेहूब टॅपेटसारखीच टिकटिक येते. फरक एवढाच की ती थंड असताना जोरात आणि लोखंड तापून फुगलं की कमी होते. जोडावर काजळीची काळी रेघ असते. तुमचा आवाज तापल्यावरही राहतो, त्यामुळे याची शक्यता कमी.

आता टॅपेट. कव्हर काढून आयडलिंगला चालवलं तर ऑइल थोडं उडतं, पुठ्ठ्याचा आडोसा धरा. फीलरची पातळ पाती एकेका रॉकरच्या फटीत हलकेच सरकवा. ज्या रॉकरला पाती गेल्यावर टकटक दबते, तो दोषी. मग इंजिन पूर्ण थंड करून गॅप मोजा. मॅन्युअलमधला आकडा वापरा, थंड इंजिनाला तो ०.१५ मिमीच्या आसपास असतो. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणून त्याचे स्क्रू लावा, मग पुली २४० अंश फिरवून तीन नंबर, आणखी २४० फिरवून दोन नंबर. फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. पाती ओढताना किंचित अडकल्यासारखी सरकली पाहिजे.

आवाज पूर्ण घालवायच्या नादात गॅप शून्याकडे नेऊ नका. घट्ट टॅपेट शांत असतो, पण एक्झॉस्ट वॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही, त्याची उष्णता हेडकडे जात नाही आणि कड जळते. सीएनजीवरच्या गाड्यांत सीट खचून हा गॅप आपोआप कमी होत जातो. आवाज बंद झाला म्हणून मालक खूष असतो आणि पुढच्या पावसाळ्यात एक सिलिंडर मरतो.

घाबरण्यासारखा आवाज वेगळा. २,००० ते २,५०० आरपीएमला खालून जड ठोका येतो, पाय एकदम सोडला की दोन-तीन ठोके स्पष्ट ऐकू येतात. तो बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग. खात्रीसाठी एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा. ज्या सिलिंडरला ठोका दबतो, तो रॉड. प्लगची वायर मात्र काढू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. आणि ऑइलच्या दिव्यावर विसंबू नका. तो स्विच ०.३ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास चालतो. दिवा विझलेला असूनही बेअरिंगला दाब अपुरा असू शकतो. स्विच काढून त्या जागी गेज लावा, गरम इंजिनावर ३,००० आरपीएमला तीन किलोच्या आसपास दाब हवा.

---

ओला_प्लग

वरच्या दोघांशी सहमत. ऑइल कुठून जळतं ते ओळखायची भर घालतो.

धूर कधी येतो तेच बघा. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या सेल्फला, आणि लांब उतारावर गिअरमध्ये पाय सोडून आल्यानंतर परत ॲक्सिलरेटर दिल्यावर धूर येत असेल तर वॉल्व्ह सील. उतारावर थ्रॉटल बंद, इनटेकमध्ये व्हॅक्यूम प्रचंड, त्यामुळे ऑइल वॉल्व्हच्या दांड्यावरून खाली ओढलं जातं. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर भार असताना धूर आला तर रिंगा, पलीकडे उतरून पुन्हा पाय दिल्यावर आला तर सील. मागच्या गाडीतून कुणाला तरी बघायला सांगा. आरशात दिसेपर्यंत धूर विरतो.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, तिन्ही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि इग्निशनचे कनेक्टर काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे सेल्फ. १७०च्या आसपास पीएसआय हवे आणि तिघांतला फरक १४-१५च्या आत. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा. आकडा ३०-४०ने उसळला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). हललाच नाही आणि मुळात कमी असेल तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

आता इथे गॅरेजं आणि मालक दोघंही फसतात. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे रिंगा चांगल्या, असं नाही. कॉम्प्रेशन धरतात वरच्या दोन रिंगा, ऑइल खरवडते तिसरी. तिच्यामागची पिस्टनची बारीक भोकं कार्बनने बुजली की ती खाचेत अडकून बसते. गेज १७० दाखवतं आणि गाडी ऑइल पीत राहते. म्हणून गेज, धुराची वेळ आणि प्लग तिन्ही एकत्र वाचायचे.

सगळ्यात स्वस्त संशयित पीसीव्ही वॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधली वाफ इनटेककडे सोडणारी झडप. काढून हलवा, आत खुळखुळ आली पाहिजे. बंद अडकला तर क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि सिलांतून ऑइल बाहेर ढकललं जातं. उघडा अडकला तर इनटेक सतत ऑइलची वाफ ओढतं. थ्रॉटल बॉडीच्या तोंडाशी बोट फिरवा. चिकट काळं ऑइल हाताला लागलं तर वाट तीच.

---

मीटर१३८

आठ दिवसांत जमेल ते केलं. आकडे असे.

पातळी खरंच एफच्या बोटभर वर होती. काढून एफवर आणली. नंतर ६०० किमीला ३४० मिली लागलं. टाल्कमवर ओघळ फक्त टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, तोही ओलसरपणाच.

कॉम्प्रेशन कोरडं १७२, १६८, १७०. ऑइल घालून १८१, १७८, १७९. प्लग १ करडा-तपकिरी. २ आणि ३च्या चुडीवर ऑइल, टोकाला एकाच बाजूला राखेचा थर. पीसीव्ही हलवला तर काहीच वाजत नाही, फुंकलं तर दोन्हीकडून हवा जाते. खंबाटकी चढताना मागच्या गाडीला धूर दिसला नाही. उतरून पुन्हा पाय दिला तेव्हा निळा लोट दिसला.

गेजवर गरम इंजिनाला ३,००० आरपीएमला ३.२ किलो. पाती घातल्यावर तीन नंबरच्या एका एक्झॉस्ट रॉकरला आवाज दबला. तिथे गॅप ०.३०, बाकी सगळीकडे ०.१५ ते ०.१८. तो लावला, टकटक गेली.

---

फीलरपट्टी

आवाजाचा विषय मिटला. १,००० किमीनंतर तोच गॅप पुन्हा मोजा. परत वाढला तर लॉकनट किंवा स्क्रूचं टोक झिजलंय, किंवा कॅमच्या त्या लोबला खड्डा पडलाय. रॉकरचा कॅमवर घासणारा तळवा नखाने चाचपा, खरखरीत लागला तर कॅम बघावाच लागेल. दाब चांगला आहे, त्यामुळे खालचं बेअरिंग उघडायचं कारण नाही.

---

ओला_प्लग

हे आकडे रिंगांकडे बोट दाखवत नाहीत. तिन्ही सिलिंडर सारखे, ओल्यात जेमतेम दहाची वाढ, चढाला धूर नाही, उतारानंतर आहे. वॉल्व्ह सील आणि उघडा अडकलेला पीसीव्ही, दोन्ही मिळून.

आधी फक्त पीसीव्ही आणि टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदला, ब्रीदरची नळी पेट्रोलने धुवा आणि पुन्हा ६०० किमी मोजा. वॉल्व्ह सीलही याच्याबरोबर एकदम बदललेत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. ३४०चे २००च्या आत आले तर हेड पुढच्या टायमिंग बेल्टच्या कामापर्यंत ढकला.

नाही आले तर बारा सील. सील बदलताना वॉल्व्ह गाइडमध्ये (त्याचा दांडा सरकतो त्या नळीत) डुगडुगतो का ते बघायलाच हवं. गाइड सैल असेल तर नवं सील काही महिन्यांत फाटतं आणि पैसे वाया जातात.

---

बोअरिंगवाला

माझं मत थोडं वेगळं. हेड उतरणारच असेल तर रिंगा टाकून घ्या, मजुरी दोनदा पडणार नाही. १,३८,००० किमीला ऑइल रिंग मोकळी असेल यावर माझा विश्वास नाही.

---

ओला_प्लग

हेड उघडल्यावर ठरवा, आधी नाही. तीन गोष्टी डोळ्यांना दिसतात. पिस्टनच्या माथ्याची कड बघा. माथाभर कोरडा काळा कार्बन असेल तर रिंगा ऑइल अडवताहेत. कडेने ऑइलने धुतल्यासारखा चकचकीत पट्टा असेल तर रिंगांतून ऑइल वर येतंय. इनटेक वॉल्व्हच्या मागे ओला, जाड, चिकट काळा थर असेल तर दोष सील-गाइडचाच. आणि बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या (कारखान्यात घासून काढलेल्या) तिरप्या रेघा अजून दिसतात का, वरच्या टोकाला नख अडकेल अशी कड तयार झालीय का.

रेघा आहेत, नख अडकत नाही, माथा कोरडा, तर चेंबर उघडू नका. नख अडकलं तर बोअर गेजने माप घ्या. वर-खाली किंवा आडवं-उभं ०.१० मिमीहून जास्त फरक आला तर नुसत्या नव्या रिंगा टाकून उपयोग नाही, त्या लंबगोल बोअरला बसतच नाहीत. मग ०.२५ ओव्हरसाइझ पिस्टन घेऊन बोअर. त्या खर्चाचा निर्णय पासिंगचा हिशेब करूनच घ्या.

---

बोअरिंगवाला

माथ्याचा पट्टा बघायचं मान्य. फक्त फिटरला आधीच सांगा, हेड उतरल्यावर पिस्टन पुसायच्या आधी फोन कर. रॉकेलच्या फडक्याने पहिल्या मिनिटात सगळा पुरावा जातो.

आणि तोवर कुणी इंजिन फ्लश सुचवला तर करू नका. इतक्या जुन्या इंजिनात सुटलेला गाळ चेंबरमधल्या जाळीवर बसतो. आत्ता जो ३.२चा दाब मिळतोय, तो तिथे अडेल.

---

मीटर१३८

पीसीव्ही आणि गॅस्केट उद्या घेतो. मीटर १,३८,९१० लिहून ठेवलंय, १,३९,५१०ला मापट्याचा आकडा इथेच टाकतो.