मदत हवी आहे: बँकेच्या ई-लिलावात राखीव किमतीवरच बोली का घेत नाहीत?

औसारोडकर

मंडळी, लातूरला औसा रोडवरच्या एका गाळ्याचा बँकेनं सरफेसीखाली (थकलेल्या कर्जासाठी गहाण मालमत्ता विकायचा कायदा) ई-लिलाव काढलाय. नोटीस तीनदा वाचली, तरी डोक्यात बसंना. आकडे असे: राखीव किंमत 24,00,000, बयाणा 2,40,000, बोलीची वाढ 20,000. वेळ दुपारी 12 ते 1, पुढं "5 मिनिटांच्या अमर्याद मुदतवाढीसह" असं लिहिलंय. ताबा सांकेतिक.

1. पहिली बोली 24,20,000 पासून म्हणायलेत. मग 24 लाखाला राखीव किंमत कशाला म्हणायची?
2. बोली लावणारा मी एकटाच निघालो तर गाळा मिळतो का?
3. ऑटो-बिड लावलं तर बँकेला आपला वरचा आकडा कळून ती भाव चढवणार नाही का?
4. शेवटच्या मिनिटाला बोली मारा असं जो तो सांगायलाय. खरंय का?

बयाणापावती

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकाच नियमात आहे. सिक्युरिटी इंटरेस्ट (एन्फोर्समेंट) नियम, 2002 मधला नियम 9(2) बघा. राखीव किमतीपेक्षा कमी रकमेला विक्री कायम करता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्याच पुढं आणखी एक तरतूद आहे: राखीव किमतीच्या वर भाव आला नाही, तर अधिकृत अधिकाऱ्याला (लिलाव करणारा बँकेचा अधिकारी) कर्जदार आणि बँक या दोघांची संमती घेऊनच त्या भावाला विकता येतं. आता ज्याचा गाळा चाललाय तो कर्जदार संमतीची सही कशाला देईल? म्हणून बँका पहिली बोलीच एक पायरी वर ठेवतात. 24,20,000 आले की संमतीचा प्रश्न उरत नाही.

एकट्याचंही तेच. नोटिशीत तशी अट असेल तर राखीव किंमत अधिक एक वाढ एवढी बोली लावणाऱ्या एकट्यालाही विक्री होते. मात्र नुसता बयाणा भरून गप बसलात आणि एकही बोली टाकली नाही, तर काही मिळत नाही. काही नोटिशींत अशा माणसाचा बयाणा जप्त करण्याची अट असते, ती ओळ शोधा.

राखीव किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घेऊन नियम 8(5) प्रमाणे ती ठरवतात. मूल्यांकक गाळा मोजतो, आत बसलेला भाडेकरू कधी उठेल ते तो मोजत नाही. पहिल्या लिलावाला गिऱ्हाईक आलं नाही की पुढच्या वेळी बहुधा ही किंमत उतरते. पहिल्या विक्रीला कर्जदाराला 30 दिवसांची नोटीस लागते, फेरलिलावाला 15 दिवसांची. तुमच्या नोटिशीवरून हा पहिला लिलाव की फेरलिलाव, ते आधी काढा.

जालना_रोड

तिसरा प्रश्न. ऑटो-बिडमध्ये तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता. सिस्टिम ती एकदम लावत नाही, समोरच्याला मागं टाकायला लागते तेवढीच पुढं सरकते. समजा तुमची कमाल 27,60,000 आणि दुसऱ्याची 26,80,000. तो 26,80,000 ला थांबला की तुमची बोली 27,00,000 वर उभी राहते, वरचे 60,000 तुमच्या खिशातच. म्हणजे किंमत ठरवतो तो दुसऱ्या नंबरचा माणूस. दोघांची कमाल सारखीच निघाली तर बहुधा आधी नोंदवणाऱ्याची धरतात.

शेवटच्या मिनिटाची युक्ती ईबेसारख्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर चालते, कारण तिथं घड्याळ ठरल्या सेकंदाला बंद होतं. तिथं विक्रेत्याला राखीव किंमत झाकूनही ठेवता येते. स्क्रीनवर फक्त "राखीव किंमत गाठलेली नाही" एवढंच दिसतं, आणि तुमची कमाल तिच्यावर गेली की चालू बोली उडी मारून थेट राखीव किमतीवर येते. बँकेच्या लिलावात किंमत उघड असते आणि शेवटच्या 5 मिनिटांत कुणीही बोली टाकली की वेळ आणखी 5 मिनिटं वाढते. 12:59 ला बोली मारून काय साधणार? समोरच्याला विचार करायला पाच मिनिटं तुम्हीच देता. उलट त्याच घडीला लाईट गेली तर बसा बोंबलत. इंटरनेट बंद पडल्याची जबाबदारी ना बँक घेते ना पोर्टल, तसं नोटिशीतच छापलेलं असतं. मोबाईलचा डेटा वेगळ्या कंपनीचा ठेवा आणि घड्याळ सर्व्हरचं बघा, मनगटावरचं नको.

बँक भाव चढवत नाही. ती बोली लावतच नाही.

बयाणापावती

शेवटच्या वाक्याला दुरुस्ती. राखीव किमतीएवढी बोली न आल्यामुळं आधीचा लिलाव पुढं ढकलला असेल, तर पुढच्या लिलावात बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याला बँकेतर्फे बोली लावता येते. सरफेसी कलम 13(5अ). पहिल्या लिलावात नाही. म्हणूनच वर पहिला की फेर, ते विचारलं.

औसारोडकर

आलं ध्यानात. बयाणा थोरल्या भावाच्या खात्यावरून भरला तर चालतंय का? आणि जिंकल्यावर पैसे कसे कसे द्यायचे?

जालना_रोड

ज्याच्या नावानं नोंदणी आणि केवायसी, त्याच्याच खात्यातून भरा. नावं जुळली नाहीत की अर्ज बाजूला पडतो. बयाण्याची मुदत बहुधा लिलावाच्या एक-दोन दिवस आधी संपते, तेव्हा एनईएफटी शेवटच्या दुपारी करू नका. यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्याचा बँकेचा व्यवहार क्रमांक) लिहून ठेवा, हरलात तर परताव्यासाठी तोच विचारतात. परतावा बिनव्याजी.

27,00,000 ला सुटला असं धरा. 25 टक्के म्हणजे 6,75,000. त्यातून बयाणा वजा जाता 4,35,000 त्याच दिवशी, नाहीतर फार तर पुढच्या कामाच्या दिवशी. उरलेले 20,25,000 विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, पण तीन महिन्यांच्या पुढं नाही. कर्ज काढून भरणार असाल तर त्या बँकेचं मंजुरीपत्र आधी हातात पाहिजे. हुकलात तर भरलेले 25 टक्के जप्त. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2024 मध्ये अशी जप्ती वैध ठरवलीय.

आणखी एक. बोली मागं घेता येत नाही. 27,00,000 च्या जागी 2,70,00,000 पडलं तर ती बोलीच धरतात. बऱ्याच पोर्टलवर आकड्याखाली रक्कम अक्षरी उमटते, "पक्कं करा" दाबण्याआधी ती ओळ मोठ्यानं वाचा.

मदतमाश

सगळे बोलीवर बोलायलेत, ताब्यावर कुणीच नाही. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेनं शटरवर नोटीस चिकटवलीय एवढंच, आत कुणीतरी बसलेलं असू शकतं. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं जावं लागतं, आणि त्याला किती दिवस लागतील ते कुणी लिहून देत नाही. त्यात कर्जदारानं कारवाईविरुद्ध 45 दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज केला असेल, तर तुमचे पैसे अडकतात. अधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारा: अर्ज आहे का, स्थगिती आहे का, आत भाडेकरू आहे का, त्याचा भाडेकरार गहाणाच्या आधीचा की नंतरचा.

जागेची कागदं लिलावाआधीच काढा. बिगरशेती आदेश, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, महापालिकेचा बांधकाम परवाना. शेतजमीन सरफेसीत येतच नाही, कलम 31 मध्ये ती वगळलेली आहे. आपल्याकडं भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) आणि जुन्या इनामाच्या जमिनीवर उठलेली प्लॉटिंग काही कमी नाही, तेव्हा सातबाऱ्यावरचा "इतर अधिकार" रकाना नीट बघा. "जसे आहे, जिथे आहे" या चार शब्दांत बँक सगळं तुमच्या पदरात टाकून मोकळी होते.

थकलेली मालमत्ता पट्टी, वीजबिल, गाळेधारक सोसायटीची वर्गणी यांचा आकडा प्रत्येक ठिकाणी जाऊन घ्या. जुनी वीज थकबाकी नवीन जोडणी देताना मागता येते, 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तसाच आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी फीही तुमच्यावरच. हे सगळं जोडा, आणि तुम्हाला परवडणाऱ्या एकूण रकमेतून वजा करून जे उरेल ते ऑटो-बिडमध्ये टाका.

औसारोडकर

हा फेरलिलाव आहे, आत्ताच बघितलं. आधीच्या नोटिशीत राखीव किंमत 26,50,000 होती. म्हणजे यावेळी बँकही बोलीला बसू शकते तर. शटरवर चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो उद्या टाकतो.

मदतमाश

फोटो काढताना आतून कुलूप आहे की बाहेरून, तेही बघा.