थर्मोस्टॅट बदलण्याआधी कॉइलवरचे व्होल्टेज मोजावे

म्हापशातील उपाहारगृहाच्या पॅकेज एसीचा काँटॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने चालणारा, कॉम्प्रेसरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सतत खडखडतो म्हणून थर्मोस्टॅट बदलावा, असे एकाने सुचवले आहे. मला ते घाईचे वाटते. या युनिटमध्ये ४१५ व्होल्टचा थ्री फेज पुरवठा कॉम्प्रेसरला जातो आणि थर्मोस्टॅट २४ व्होल्टच्या सर्किटमधून फक्त काँटॅक्टरची कॉइल चालू-बंद करतो, तेव्हा आधी चालू स्थितीत कॉइलच्या दोन्ही टोकांवर मीटर लावावे. तिथे व्होल्टेज १८-२० पर्यंत उतरत असेल, तर दोष बहुधा लांब, बारीक तारेत किंवा सैल जोडणीत असतो.

कळंगुटला किनाऱ्यालगतच्या एका हॉटेलात मी असाच थर्मोस्टॅट बदलून बसलो होतो (पैसे अर्थातच माझे गेले). शेवटी गच्चीवरील युनिटच्या टर्मिनल पट्टीवर, कॉमनच्या (कंट्रोल सर्किटच्या सामाईक परतीच्या तारेच्या) स्क्रूखाली, खाऱ्या हवेने धरलेला हिरवा थर सापडला. आयसोलेटर (युनिटची वीज तोडणारा स्विच) बंद करून तारेचे टोक कापले, नवा लग (टोकाला बसवायचा धातूचा जोड) दाबला आणि खडखड थांबली.

कंट्रोलची (थर्मोस्टॅटकडून कॉइलकडे जाणारी) तार पॉवर केबलच्याच पाइपमधून नेलेली नाही ना, हेही पाहावे. पॉवर केबल सोडवून पुन्हा जोडल्यास तिन्ही फेजचा क्रम तपासावा, कारण स्क्रोल (सर्पिल पात्यांचा) कॉम्प्रेसर उलटा फिरला तर नुसता आवाज करतो, गारवा देत नाही. कोणत्याही दोन फेजची अदलाबदल केली की तो सुलटा फिरतो.