वणीकडे गेम अन् बियर बार टाकाचा आहे, जागा कोणती घेऊ? परवान्याचंही सांगा

वणी_रोडवाला
भाऊंनो, सल्ला पायजे. मी अन् माझा चुलतभाऊ मिळून एक जागा चालू कराच्या विचारात आहो. बसाले टेबल, थंडी बियर, भुर्जी-शेंगदाणे, अन् भिंतीले लागून जुन्या टाइपच्या उभ्या गेम मशीन, पिनबॉल, एअर हॉकी, दोन कॅरम. पुण्या-मुंबईत आर्केड बार म्हणते त्याले. इकडे पोट्टे खाणीतून ड्युटी सुटली का धाब्यामागं नाहीतर धुऱ्यावर पिऊन बसते, दुसरं कराले काहीच नाही, म्हणून मनापासून वाटून राहिलं का चांगली, उजेडाची, भांडण न होणारी जागा पायजे. जागा तीन आहे. वरोरा रोडले आमचं स्वतःचं वावर, रोडटच. वणीत एसटी स्टँडजवळ पहिल्या माळ्यावरचा हॉल, भाड्यानं. अन् मोहर्ली साइडले सोयऱ्याची जागा, ताडोब्याचे टुरिस्ट येते म्हणून. हॉलवाला ॲडव्हान्स मागून राहिला. कोणती धरू?

परमिटरूमवाला_चांदा
पयले तर ॲडव्हान्स देऊ नको. परवाना माणसाले नंतर, जागेले आधी मिळते असं समज.

दारू-बियर सगळं पायजे तर एफएल-३, नुसती बियर-वाइन ठेवाची तर फॉर्म ई. अर्ज राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकाकडे, सही कलेक्टरची. शाळा, देऊळ, एसटी स्टँड यांच्यापासून अंतराची अट आहे, म्हणजे तुझा हॉल तिथंच अडकू शकते, टेप घेऊन स्वतः मोज अन् मग मालकाशी बोल.

वावराचं त्याहून किचकट आहे. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१६ मध्ये नॅशनल अन् स्टेट हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू नाही असा आदेश दिला, मार्च २०१७ मध्ये २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावासाठी ते २२० मीटर केलं, मग नगरपालिका हद्दीले सूट भेटली, अन् २०१८ मध्ये ग्रामपंचायतीचं ठरवाचं राज्य सरकारवर सोडलं. म्हणून रोडटच हे इथं फायद्याचं नाही, उलट आहे. तुमचं गाव कशात बसते ते अधीक्षक ऑफिसातून लेखी घे, तोंडी सांगितलेलं कामाचं नाही. वरून सातबारा शेतीचा असन तर अकृषक करा लागन.

अन् वरोऱ्याकडून गिऱ्हाईक येईन असा हिशोब धरू नको. वरोरा चंद्रपूर जिल्ह्यात, तिथं २०१५ ते २०२१ दारूबंदी होती तवाची गोष्ट वेगळी, आता तिकडच्याले तिकडंच भेटते.

अंगणवाडीची_ताई
भाऊ, राग मानू नका पण बायांना विचारलं का? गावात किंवा वॉर्डात २५ टक्के बायांनी अर्ज दिला का मतदान लागते, उभी बाटली का आडवी बाटली, अन् एकूण बाया-मतदारांपैकी निम्म्याच्या वर आडवीले पडल्या तर दुकान बंद. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बायांनी दारूबंदीसाठी किती मोर्चे काढले ते तुम्हाले माहीत आहे. मारेगाव, झरी, केळापूर, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथं १९९६ च्या पेसा कायद्यानं दारूवर ग्रामसभेचा अधिकार आहे, तिकडे जागा पाहत असान तर पयले ग्रामसभा, मग बाकीचं.

मले खरी काळजी वेगळीच आहे. गेम पाहून बारावीची पोरं येतीन. बियरले २१ वर्षं अन् दारूले २५, असं महाराष्ट्रात आहे. एअर हॉकीच्या बाजूले बियरचा टेबल असन तर सोळा वर्षाच्या पोराले दारातून परत कोण पाठवन? रोज, दर संध्याकाळी? याचं उत्तर तुमच्याकडे असन तरच करा.

मशीन_रिपेर
ताईचं बरोबर आहे. दोन दरवाजे करा. एका बाजूनं गेम अन् नाश्ता, घरच्या लोकांसाठी, दुसऱ्या बाजूनं बार अन् त्यातल्याच दोन-तीन मशीन. मधात पक्की भिंत, पडदा नाही.

मशीनचं सांगतो. जपानवरून आलेली जुनी मशीन १०० व्होल्टची असते, अमेरिकेची ११०-१२० ची, आपल्या २३० वर डायरेक्ट लावली का पॉवर सप्लाय जळलाच समजा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर अन् चांगला स्टॅबिलायझर पायजेच, अर्थिंग स्वतः उभं राहून करून घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते, अन् लोकं काय करते तर मशीनसमोर डेझर्ट कूलर ठेवते. त्या ओल्या हवेनं बोर्डवर हिरवट बुरशीसारखा गंज चढते, मग बटण दाबलं का कधी लागते कधी नाही. एसी परवडत नसन तर कूलरचं तोंड बसाच्या बाजूले करा अन् मशीनच्या मागून गरम हवा बाहेर ओढणारा एक्झॉस्ट द्या. उंदरासाठी केबलले पाइप.

अजून एक, टोकन ठेवा पण टोकनच्या बदल्यात पैसे कधीच वापस देऊ नका. तिथून जुगार सुरू होते, अन् १८८७ चा जुगार कायदा आजही लागू आहे. गेम पार्लरचा परवाना वेगळा लागते, बारच्या परवान्यात तो येत नाही, कलेक्टर ऑफिसात करमणूक शाखेत विचारा.

परमिटरूमवाला_चांदा
मोहर्लीचं राहिलं होतं. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद राहते, अन् टुरिस्ट लोकं सकाळच्या सफारीले अंधारात उठते म्हणून रात्री बसतच नाही. वरून जंगलाच्या लगत उजेड अन् आवाज. मी तर नाही म्हणन.

वणी_रोडवाला
सगळ्यांचे आभार. ताई, राग कशाचा, घरी आईनंही हेच विचारलं. हॉलवाल्याले आज फोन करून थांबाले सांगितलं. आता असं वाटते का वणीतच स्टँडपासून दूर, नगरपालिका हद्दीत तळमजल्याची जागा पाहावी अन् पयले नुसती गेम-नाश्त्याची बाजू चालू करावी. मंग फूड लायसन, गुमास्ता (दुकानाची नोंदणी), थ्री-फेज मीटर एवढंच लागन ना?

परमिटरूमवाला_चांदा
अन् गेमचा परवाना, तो इसरू नको. २० पेक्षा कमी कामगार असन तर २०१७ च्या कायद्यात गुमास्त्यासाठी नुसती सूचना द्या लागते, ऑनलाइन होते. मालकासोबत भाडेपट्टा रजिस्टर करतानी त्यात परमिट रूमले हरकत नाही असं आत्ताच लिहून घे, बार पुढं कराचा असला तरी. नंतर मालक भाव वाढवते.

अंगणवाडीची_ताई
गेम चालू झाले का सांगा, आमच्या पोरींसाठी सकाळची एक वेळ ठेवा.