संगणकांची नोंद आणि सुरक्षा अपडेटचे स्वयंचलन

प्रश्न : आमच्या कंपनीतील सुमारे ३०० संगणकांची नोंद आजही एक्सेलमध्ये ठेवली जाते आणि विंडोजचे सुरक्षा अपडेट प्रत्येक यंत्रावर हाताने केले जातात. हे स्वयंचलित करण्यासाठी सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ : नोंदीपासूनच करावी, कारण जे यंत्र यादीतच नाही, त्याचे अपडेट राहून गेले हेही कोणाला कळत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस विंडोजमधील एका त्रुटीतून पसरला, तेव्हा ती त्रुटी बुजवणारा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. प्रत्येक यंत्रावर एजंट (यंत्राची माहिती आपोआप पाठवणारा छोटा प्रोग्राम) बसवून अनुक्रमांक, प्रणालीची आवृत्ती आणि शेवटच्या संपर्काची वेळ त्याच्याकडूनच गोळा करावी.

उत्तर २ : सहमत आहे, मात्र सर्व यंत्रांवर एकाच रात्री अपडेट सोडू नये. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच आले की प्रथम आयटी विभागाची यंत्रे, दोन-तीन दिवसांनी प्रत्येक विभागातील काही आणि मग उरलेली, असे टप्पे ठेवावेत. (लेखा विभागाची यंत्रे महिनाअखेरीस रीस्टार्ट करू नयेत, हे मी अनुभवाने शिकलो.)

प्रश्नकर्ता : त्यासाठी डब्ल्यूएसयूएस (कंपनीतील सर्व्हरवरून विंडोजचे अपडेट वाटणारे मायक्रोसॉफ्टचे साधन) पुरेसे होईल का?

उत्तर १ : चालेल, परंतु त्यात नवी वैशिष्ट्ये येणार नाहीत असे मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्येच जाहीर केले असल्याने, नवी उभारणी करताना आधी इंट्यूनचा (यंत्रांचे व्यवस्थापन करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेचा) विचार करावा.