मदत हवी आहे: आईचा शेंगेन व्हिसा नाकारला, अपील करावं की नवा अर्ज?

नमस्कार मंडळी,

बहिणीच्या बाळंतपणाला आईला जायचं होतं, पण शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून चालणारा अल्प मुक्कामाचा व्हिसा) नाकारला गेला. हातात आलंय ते कारणांची यादी असलेलं छापील पत्र. त्यातल्या दोन चौकटींत खुणा आहेत: मुक्कामाच्या हेतूबद्दलची माहिती विश्वासार्ह वाटत नाही, आणि मुदत संपण्याआधी परत जाण्याबद्दल शंका आहे. नेमकं कशावरून, हे कुठेच नाही.

बहिणीचं निमंत्रणपत्र, ३०,००० युरोचा विमा, तिकिटाचं आरक्षण, सगळं जोडलं होतं. आई निवृत्त आहे, त्यामुळे नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र द्यायचा प्रश्नच नव्हता. शिवाय बँक स्टेटमेंटमध्ये मुदत ठेवीचे पैसे अर्जाच्या थोडंच आधी जमा झालेले दिसतात. माझा संशय त्या नोंदीवर आहे; पैसे फक्त दाखवण्यापुरते आणले असं त्यांना वाटलं असावं.

एजंट म्हणतो सहा महिने थांबा. शेंगेनच्या नियमांत अशी सक्तीची मुदत नाही, आणि आधीच्या नकारामुळे नवा अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, हे मी वाचलंय. बाळ काही एजंटसाठी थांबणार नाही!

अपील नकार देणाऱ्या देशाच्या कायद्यानुसार होतं, त्यामुळे निकाल बाळंतपणाच्या आत लागेल असं वाटत नाही. म्हणून माझा कल नव्या अर्जाकडे आहे. निवृत्त आई-वडिलांसाठी असा दुसरा अर्ज कोणी केलाय का? परत येण्याचा पुरावा म्हणून पेन्शनचे कागद आणि घराची कागदपत्रं पुरली का? आणि सोबतच्या पत्रात आधीच्या नकाराचा उल्लेख करून मुद्देसूद उत्तर दिलंत, की नुसते कागद वाढवलेत?