मगरीचं घर नदी, मग ती वाळूवर का येते?

कृष्णाकाठची बाई (पलूस तालुका)

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते, वर्गात २३ मुलं आहेत. 'प्राण्यांची घरे' सगळ्यांना तोंडपाठ. सिंहाची गुहा, वाघाची जाळी, पोपटाची ढोली, घोड्याचा तबेला, एका दमात म्हणतात. मीही वर्षानुवर्षं तशीच म्हणून घेतली.

गेल्या आठवड्यात फळ्यावर 'मगर – नदी' लिहिलं. घाटाजवळ राहणाऱ्या एका मुलाने विचारलं, "बाई, तिचं घर नदीत, मग ती सकाळी वाळूवर का येऊन पडती?" लगेच मागून एक मुलगी म्हणाली, "आणि बिबट्याचं घर आमच्या उसात असतंय का?" तोडणीच्या वेळी तिच्या वडिलांना फडात बछडी दिसली होती.

उत्तर मला येत होतं, थोडंफार सांगितलंही. पण ते पोचलं नाही, हे चेहऱ्यांवरून कळत होतं. नदी आणि ऊस यांच्या मधोमध राहणाऱ्या मुलांना हे कळणं परीक्षेपुरतं नाही, जिवाशी गाठ आहे. हाताने करून बघता येईल, खर्च लागणार नाही आणि मुलांना पाण्याजवळ न्यावं लागणार नाही, असं कुणी काही केलंय का?

माणदेशी गुरुजी

बाई, आमच्याकडे माळ, त्यामुळे मी टिटवी घ्यायचो. टिटवी झाडावर जात नाही. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये जराशी खोलगट जागा करते आणि बहुधा ४ अंडी घालते.

मुलांकडून मातीची अंडी वळून घ्या. वाळली की राख, काव, कोळसा उगाळून ठिपके देऊ द्या. मग अर्ध्या वर्गाने ती मैदानाच्या खडकाळ कोपऱ्यात मांडायची, उरलेल्यांनी शोधायची. पोरं अंड्यावर पाय देईपर्यंत त्यांना ते दिसत नाही! नंतर तीच अंडी नळाजवळच्या हिरवळीवर ठेवा. क्षणात सापडतात. टिटवीला माळच का लागतो, हे मग शिकवावं लागत नाही.

एका वर्षी एका मुलीने विचारलं, "गुरुजी, सगळा माळ नांगरला तर ती कुठं जाणार?" त्या दिवशी पुढचा धडा मी घेतलाच नाही, त्यावरच बोलत बसलो.

खरी अंडी शोधायला मात्र नेऊ नका. टिटवी ओरडत घिरट्या घालत राहते आणि अंडी उन्हात उघडी पडतात.

शिराळ्याची आई

यादीत 'सापाचे वारूळ' असेल तर आधी ते खोडा. वारूळ बांधते वाळवी. नाग आयत्या भोकात शिरतो, कारण आत गारवा आणि आडोसा मिळतो. आमच्या गावात नागपंचमीचं एवढं महत्त्व, तरी माझ्या मुलाला हे माहीत नव्हतं.

बिबट्यासाठी आम्ही अंगणात एक खेळ केला. चार कोपरे आखले: खाणं, पाणी, आडोसा, पिल्लांची जागा. खाण्याला चिंचोके, पाण्याला बादली, आडोशाला दोरीवर जुनी साडी, पिल्लांना पोतं. प्रत्येक बिबट्याने चारही कोपरे फिरून यायचं. दोन फेऱ्या झाल्या की "तोडणी आली!" म्हणून साडी ओढून काढायची. मुलं गोंधळून एकमेकांकडे बघतात, मग धावत दुसऱ्या साडीकडे, म्हणजे शेजारच्या फडाकडे. ऊस त्याला का चालतो, हे तिथं उमगतं: दाट आडोसा, पाटाचं पाणी, गावातली कुत्री खायला, आणि तोडणीपर्यंत आत माणसाची फारशी वर्दळ नाही.

देवराष्ट्रेकर

मगरीसाठी दोन घमेली पुरतात. एकात कोरडी वाळू, एकात पाणी. सकाळी उन्हात ठेवा आणि तासातासाने मुलांना हात लावू द्या. मगरीला आपल्यासारखी अंगची ऊब नसते, ती उन्हातून घ्यावी लागते. अंडीही ती काठाच्या वाळूत किंवा मातीत खड्डा करून पुरते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या खड्ड्यातल्या उबेवर ठरतं. म्हणजे तिला नदी लागते तसा काठही लागतो.

सहलीचा विचार असेल तर सागरेश्वर तुम्हाला जवळ आहे. १९८५ साली अभयारण्य झालेलं हे १०.८७ चौ. किमी. जंगल, आणि ते माणसांनी उजाड डोंगरावर झाडं लावून उभं केलं आहे. सांबर कुठं दिसलं आणि काळवीट कुठं, एवढंच मुलांना टिपायला सांगा. एकाला दाट झाडी लागते, दुसऱ्याला मोकळं गवत.

कृष्णाकाठची बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. अंडी अजून वाळताहेत. बिबट्याचा खेळ दोनदा झाला, मुलं तिसऱ्यांदा मागताहेत. वहीत आता 'घर' या एका रकान्याऐवजी तुमचे चार रकाने आखले आहेत.

घमेली सोमवारी ठेवली. अकराच्या सुमारास वाळू चटका देऊ लागली आणि पाणी गारच होतं. प्रश्न विचारणारा तो मुलगा बराच वेळ वाळूवर तळवा ठेवून उभा होता. "बाई, ती अंग शेकायला येती," म्हणाला. नंतर विचारलं, "मग थंडीत सकाळी जास्त येत असंल?" मी हो म्हणाले.

त्याची आजी रोज सकाळी घाटावर धुणं न्यायची. कालपासून ती घरच्या नळावर धुते, असं त्याने आज हजेरीच्या वेळी सांगितलं.