३५०झीचा नवा क्लच: आधी सुटेना, आता घसरतोय

नोव्हायहून:

मिशिगनकर मंडळी, नमस्कार. गणपतीच्या ढोल-ताशा सरावाच्या धाग्यात हा विषय घुसवत नाही, म्हणून वेगळी मेल.

गाडी २००५ ची निसान ३५०झी, सहा गिअरची. मूळचं ड्युअल-मास (दोन भागांचं) फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या टोकाचं जड चाक, काढून हलकं सिंगल-मास, सहा पक्सची (घर्षणाच्या वड्यांची) सिरॅमिक क्लच प्लेट आणि तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी जड प्रेशर प्लेट असा बाहेरचा संच बसवलाय. साधारण ६०० मैल झाले. पहिल्या दिवसापासून गाडी तापली की पहिला आणि रिव्हर्स पडायला त्रास. ३०० मैलांवर गॅरेजने पेडलचा रॉड ‘अ‍ॅडजस्ट’ करून दिला, त्यानंतर गिअर बरे पडायला लागले. आता पाचव्यात पूर्ण थ्रॉटल दिला की आरपीएम चढतात आणि गाडी आहे तिथेच. गॅरेज म्हणतं प्लेटच खराब आली, क्लचवाले म्हणतात बसवताना चुकलं. दुसरा संच मागवण्याआधी काय तपासू?

ट्रॉयहून:

संच इतक्यात मागवू नका. तुम्ही दोन तक्रारी एका दमात लिहिल्यात, पण त्या एकमेकींच्या उलट आहेत. गिअर पडत नाही म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. आरपीएम चढतात म्हणजे तो पुरता धरत नाही. या दोन्हींच्या मधे काय झालं, तर रॉडला हात लागला. माझा संशय तिथे आहे.

पेडलचा रॉड ज्याचा दट्ट्या ढकलतो त्या मास्टर सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं. पेडल मोकळं असताना ते उघडं राहतं आणि लाइनमधलं जास्तीचं तेल टाकीत परततं. रॉड लांब केला की पेडलचा मोकळा खेळ संपतो, दट्ट्या कायम किंचित आत राहतो आणि भोक झाकलं जातं. मग तापून फुगलेल्या तेलाला वाट उरत नाही. त्यातच प्लेट झिजेल तशी प्रेशर प्लेटची बोटं गिअरबॉक्सकडे सरकून स्लेव्हला (गिअरबॉक्सजवळचा, क्लच दाबणारा सिलिंडर) मागे रेटतात, त्या तेलालाही जागा नसते. म्हणजे पायाचा स्पर्श नसताना क्लच अर्धवट दाबलेला. अशात सिरॅमिकसुद्धा भाजते.

आधी घसरण आकड्यात पकडा. या गाडीत पाचवा गिअर १:१ आणि फायनल ड्राइव्ह ३.५३८. मागे २४५/४५ आर१८ टायर असतील तर पाचव्यात ताशी ६० मैलांना २,७०० च्या आसपास आरपीएम येतात, म्हणजे आरपीएमला ताशी मैलांनी भागलं की ४५. ओबीडीवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) आरपीएम आणि वेग नोंदवत, मोकळ्या रस्त्यावर २,५०० पासून पूर्ण थ्रॉटल द्या. भागाकार हलला नाही तर क्लच धरतोय. ५० वर गेला तर सुमारे ११ टक्के घसरण. दोन-तीन सेकंद, एकदाच. पुन्हा पुन्हा करून खात्री कराल तर उरलेली प्लेटही जाईल.

घसरण दिसली की गाडी तशीच तापलेली बाजूला घ्या. इंजिन बंद, हँडब्रेक, चाकांना ठोकळे. स्लेव्हच्या ब्लीडरला (तेल काढायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून पाव फेरा उघडा, पेडलला कोणाचाही पाय नको. तेल चिळकांडी मारून आलं तर लाइन दाबाखाली अडकली होती हे ठरलं. नुसतं ओघळलं तर रॉड निर्दोष, घसरणीचं कारण आत शोधावं लागेल. एक्झॉस्ट तापलेला असतो, हातमोजे घाला. तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

मग लॉकनट सैल करून रॉड मागे घ्या. हाताने पेडल दाबताना दट्ट्याला टेकेपर्यंतचा ढिला भाग बोटाला जाणवलाच पाहिजे. माप मॅन्युअलमधलं धरा. हे केल्यावर गिअर पुन्हा अडकायला लागतील. लागू द्या, मूळचं दुखणं तेच आहे.

त्यासाठी स्टीलची पट्टी घ्या. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर असल्याने त्याच्या रॉडची चाल मोजता येते. कोणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा. थंड गाडीवर मोजा, अर्धा तास चालवून पुन्हा मोजा. गरम असताना चाल कमी भरली तर हवा, मुरलेलं पाणी किंवा थकलेला सिलिंडर. लाइनमधलं डॉट ३ तेल कोरडं असेल तर २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषलेलं १४० लाच. चाल तेवढीच राहिली तर हायड्रॉलिक्सचं नाव घेऊ नका, दोष बेल हाउसिंगच्या (क्लचवरचं कवच) आत आहे.

गरम झाल्यावरच त्रास होतो म्हणून हायड्रॉलिक्सवर बोट ठेवण्याची घाई बरेच जण करतात. थंड गिअर ऑइल दाट असतं, तेच इनपुट शाफ्टला (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) ब्रेक लावतं आणि थोडा न सुटलेला क्लच झाकून जातो. ऑइल पातळ झालं की पितळ उघडं पडतं.

नोव्हायहून:

मोजलं. भागाकार ४५ वरून ५१ वर गेला. ब्लीडर उघडल्यावर नळीत चांगली हातभर चिळकांडी आली. रॉड मागे घेतला, घसरण कमी झाली पण गेली नाही. स्लेव्हची चाल थंड १३ मिमी, गरम १३ मिमी. आणि गिअर पुन्हा अडकतायत.

कॅन्टनहून:

मग आता गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. पण त्याआधी एक फुकटची चाचणी. मागची चाकं स्टँडवर, पुढच्यांना ठोकळे, इंजिन बंद, पहिला गिअर. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) हाताने फिरवायचा. सुटलेला क्लच असेल तर शाफ्ट सहज फिरतो. संपूर्ण फेऱ्यात सारखं जड लागतं की एकाच जागी, ते लिहून ठेवा. एकाच जागी अडकलं तर वाकडी प्लेट. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळलं की प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो, आणि एकट्याने जॅकवर काम करणाऱ्यांकडून हे हमखास होतं.

उतरवल्यावर पुसायची घाई करू नका. आधी फोटो, पुसापुशी मागाहून. पावडर हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

प्लेट बाहेर काढतानाच तिची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे होती ते बघा. ‘फ्लायव्हील साइड’ असा छाप बहुतेक प्लेटांवर असतो. उलटी बसली तर स्प्रिंगांचं फुगीर कव्हर फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासतं, बोल्टांची डोकी चकचकीत होतात आणि कव्हरवर गोल घासा उमटतो. प्लेट बरोबर असूनही बोल्ट चमकत असतील तर जुन्या फ्लायव्हीलचे बोल्ट नव्याला वापरलेत का ते विचारा.

पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरणारं) बोटाने फिरवा. ते जाम असेल तर क्लच सुटूनही क्रँक इनपुट शाफ्टला फिरवत राहतो. आवाजावरूनही ते ओळखता येतं: पेडल दाबून गिअरमध्ये उभं असताना घरघर आली तर पायलट, न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्याबरोबर आली तर रिलीज बेअरिंग (प्रेशर प्लेटची बोटं दाबणारं). न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर खडखडतं आणि दाबल्यावर थांबतं, ते सिंगल-मास फ्लायव्हीलमुळे. त्यावर पैसे घालवू नका.

बेल हाउसिंगच्या दोन्ही डॉवेल पिना (जोड एका रेषेत धरणाऱ्या) जागेवर आहेत ना? मिशिगनच्या मिठात त्या गंजून एका बाजूला राहतात आणि कोणी काढून टाकतं. मग गिअरबॉक्स अक्षातून सरकतो. प्रेशर प्लेटच्या बोटांवर रिलीज बेअरिंगचा ठसा एका अंगाला सरकलेला दिसला तर हेच. बोटांच्या टोकांची उंची एकमेकांत सुमारे ०.८ मिमीच्या वर वेगळी नको. प्लेटचा डगमग १ मिमीच्या आत.

पक्सवर ओलावा दिसला तर हुंगा. गंधकाचा वास आला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचं ऑइल, काळं आणि बिनवासाचं असेल तर इंजिनचं मागचं सील. आणि जड प्रेशर प्लेट आहे, तर डायल गेज लावून क्रँकचा पुढे-मागे खेळ बघून घ्या. ०.३० मिमी ही हद्द.

नोव्हायहून:

प्लेट उलटीच होती. आठही बोल्टांची डोकी आरशासारखी, कव्हरवर गोल घासा. पक्स निळसर झालेत, फ्लायव्हीलवर तीन काळे डाग. पायलट आणि डॉवेल ठीक.

ट्रॉयहून:

मग साखळी जुळली. उलट्या प्लेटीने सुटणं अडलं, ते झाकायला रॉड लांब केला, त्याने घसरण आणली. क्लचवाल्यांचं म्हणणं खरं होतं, पण पहिल्याच दिवशी स्लेव्हची चाल मोजायला सांगितलं असतं तर हे पक्स वाचले असते.

प्लेट बदला. फ्लायव्हीलचे डाग पॉलिश पेपरने जात नाहीत, ते कडक झालेले असतात, ग्राइंडिंगलाच द्या. त्याने किती मिमी गेलं ते लिहून घ्या, कारण तेवढीच प्रेशर प्लेट इंजिनकडे सरकते आणि फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा) तितका लांब पडतो. प्रेशर प्लेटचा चेहरा सरळ पट्टीने तपासा, मधोमध फट दिसली तर तीही बदला. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला (खाचांना) ग्रीस नखभर, हब पुढे-मागे सरकवून जास्तीचं पुसून. प्रेशर प्लेटचे बोल्ट चांदणीच्या क्रमाने तीन फेऱ्यांत. प्रोपेलर शाफ्ट जोडल्यावर, गाडी स्टँडवरून उतरवण्याआधी, कॅन्टनकरांची शाफ्ट फिरवायची चाचणी पुन्हा करा. नंतर ५०० मैल शहरात, सिग्नल ते सिग्नल. हायवेचे मैल यात धरू नका, तिथे क्लच वापरलाच जात नाही.